‘नो-पाय’ कोणी लिहिलं होतं? डेबियन १० वरून १३ वर नेलेल्या एका सी प्रोग्रामचं प्रकरण

हा प्रोग्राम आमच्याकडे पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालतोय. सिरियल पोर्टवरून तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब यांची वाचनं घ्यायची, प्रत्येक सेन्सरची कॅलिब्रेशनची दुरुस्ती लावायची आणि दिवसाची एक फाईल लिहून ठेवायची, एवढंच त्याचं काम. चाळीसेक सी फाईल्स, अठरा हजारांच्या आसपास ओळी आणि हाताने लिहिलेली एक मेकफाईल, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा हे सांगणारी फाईल. मूळ लेखक निवृत्त झालेत. त्यांच्यानंतर तीन-चार जणांनी त्यात हात घातला, आणि व्हर्जन कंट्रोल कधीच नव्हतं. वर्षाच्या नावाने झिप करून ठेवलेले बॅकअप तेवढे होते. त्यांनीच पुढे उलगडा करून दिला.

यंत्रावर लिनक्सचं डेबियन १० होतं. त्याचा दीर्घ मुदतीचा आधारही जून २०२४ मध्ये संपला, त्यामुळे बदलणं भागच होतं. डेबियनमध्ये मधली आवृत्ती ओलांडून थेट उडी मारता येत नाही. म्हणून आम्ही नव्या डिस्कवर डेबियन १३ कोरं बसवलं आणि जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली. पुढे ती दोनदा बाहेर काढावी लागली.

कंपायलरच्या बाजूने पाहिलं तर ही उडी जीसीसी या सी कंपायलरची ८ वरून थेट १४ वर आणि जीलिबसी या सीच्या मूळ लायब्ररीची २.२८ वरून २.४१ वर होती. मधल्या काळात तीन मोठे बदल होऊन गेले होते आणि ते सगळे एकाच दिवशी आमच्या अंगावर आले. पर्यायांची आणि फंक्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाईप करायची.

पहिल्या दिवशी मेक ही बांधणीची आज्ञा दिली आणि स्क्रीन एररने भरून गेली. त्या क्षणी सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे आम्ही कोडला हातच लावला नाही. आधी जुन्या डिस्कवरची तयार बायनरी, म्हणजे कंपाईल झालेला प्रोग्राम, नव्या यंत्रावर आणून चालवून पाहिली. ती चालली. जीलिबसी जुन्या बायनरींची काळजी फार जपून घेते. प्रत्येक फंक्शनाच्या चिन्हाला आवृत्ती चिकटवलेली असते आणि जुन्या आवृत्त्या आत शिल्लक ठेवलेल्या असतात. म्हणजे वाचनं जमा होत राहणार होती आणि सोर्स दुरुस्त करायला आम्हाला सवड मिळाली. अपग्रेडनंतर कंपाईल अडलं की लोक घाबरून मिळेल तो पर्याय मेकफाईलमध्ये कोंबतात, याचं खरं कारण वेळेचं दडपण असतं. ते आधी उतरवलं पाहिजे.

मग गिट हे व्हर्जन कंट्रोल सुरू केलं, आहे तसा सोर्स पहिला कमिट (नोंद) म्हणून टाकला आणि आधी बांधलेले तुकडे पुसणारं मेक क्लीन दिलं. हे क्लीन आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो. फोल्डर कॉपी करताना जुन्या ऑब्जेक्ट फाईल्स तारखांसकट आल्या होत्या, त्यामुळे निम्म्या फाईल्स मेकने ‘ताज्या आहेत’ म्हणून सोडून दिल्या. एरर कमी दिसल्या आणि आम्हाला उगाच बरं वाटलं. खरा आकडा क्लीननंतर कळला: साडेतीनशेच्या वर. एका एररवर न थांबता पुढच्या फाईलकडे जाण्यासाठी मेकला ‘के’ हा पर्याय दिला आणि सगळा मजकूर एका फाईलमध्ये वळवला.

जीसीसीच्या बऱ्याचशा एररच्या शेवटी चौकटी कंसात त्या प्रकाराचं नाव असतं. ती नावं वेगळी काढून मोजली तर साडेतीनशेचे प्रकार निघाले फक्त पाच. जवळपास दोन-तृतीयांश एकाच प्रकारच्या होत्या: इम्प्लिसिट फंक्शन डिक्लरेशन, म्हणजे आधी जाहीर न केलेल्या फंक्शनाला परस्पर हाक मारलेली. उरलेल्यांत इंट (पूर्णांक) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) यांची परस्पर अदलाबदल, न जुळणारे पॉइंटर, प्रकारच न लिहिलेली व्हेरिएबल्स आणि रिटर्नचा मेळ नसलेली काही फंक्शनं.

हे पाचही प्रकार जीसीसी १३ पर्यंत फक्त इशारे होते. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने त्यांना एरर केलं. भाषेच्या नियमाप्रमाणे तर जाहीर न केलेलं फंक्शन वापरायची मुभा १९९९ च्या सी९९ मानकानेच काढून घेतली होती, कंपायलरने पुढची पंचवीस वर्षं सांभाळून घेतलं. हे इशारे आम्हाला आधी का दिसले नाहीत, याचं उत्तर मेकफाईलमध्ये होतं. कंपायलरचे पर्याय लिहायच्या सीफ्लॅग्जच्या ओळीत लहान डब्ल्यू बसलेला होता, जो सगळे इशारे बंद करतो. त्याच ओळीत ‘एसटीडी बरोबर सी९९’, म्हणजे सी९९ मानक पाळ, असं होतं आणि शेवटी, कंपाईल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरच्या ओळीत, ‘नो-पाय’.

त्या ‘नो-पाय’चं कारण आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

माझ्या तरुण सहकाऱ्याने सुचवलं की जीसीसी १४ मध्ये ‘एफ-परमिसिव्ह’ नावाचा पर्याय आहे, तो दिला की या एरर पुन्हा इशारे होतात. बरोबर होतं त्याचं. निदान म्हणून आम्ही तो देऊन पाहिला आणि मला वाटतं असं एकदा पाहावंच, कारण त्यामुळे पुढच्या पायरीवर काय वाढून ठेवलंय ते कळतं. कंपाईल झालं आणि लिंकर अडला. ‘एकाच नावाच्या अनेक व्याख्या’ अशा तक्रारींची रांग लागली. हा २०२० च्या जीसीसी १० चा बदल. त्याआधी हेडरमध्ये, म्हणजे अनेक सी फाईल्स आत घेतात त्या सामायिक फाईलमध्ये, नुसतं ‘इंट अमुक’ लिहून ते हेडर बारा फाईल्सनी घेतलं, तरी लिंकर त्या बारा व्याख्या गुपचूप एकात मिसळायचा. आता त्यातली प्रत्येक स्वतंत्र व्याख्या धरली जाते. जुनं वागणं परत आणायला ‘एफ-कॉमन’ आहे. तेही दिलं. मग एररचे संदेश असलेला ‘सिस-एररलिस्ट’ हा ॲरे सापडेना. जीलिबसी २.३२ पासून हा ॲरे नव्याने लिंक होणाऱ्या प्रोग्रामांना मिळत नाही, जुन्या बायनरींसाठी मात्र आत ठेवलेला आहे. म्हणून तर जुनी बायनरी चालत होती. ती जागा तात्पुरती, एररचा संदेश देणाऱ्या स्ट्रएरर फंक्शनाने भरली आणि प्रोग्राम तयार झाला. चाललाही.

इथे थांबता आलं असतं. दोन पर्याय आणि एक बदल, एका सकाळचं काम. पण ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती ओळ मेकफाईलमध्ये ठेवायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. म्हणून ‘नो-पाय’ काढून पुन्हा बांधलं. प्रोग्राम सुरू होताच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या पत्त्याला हात लावून कोसळणं.

आता बॅकअप उघडले. २०१६ च्या झिपमधल्या मेकफाईलमध्ये ‘नो-पाय’ नव्हतं, २०१७ च्या शेवटच्या झिपमध्ये होतं. बाकी सोर्स अक्षरशः तोच. २०१७ च्या जूनमध्ये डेबियन ९ आलं आणि त्यात जीसीसी आपोआप ‘पाय’ पद्धतीच्या बायनरी बांधू लागला. म्हणजे मेमरीत कुठेही बसवता येतील अशा, ज्यांचा पत्ता दर वेळी बदलतो. तेव्हाही अपग्रेडनंतर प्रोग्राम कोसळला असणार, कुणीतरी शोधाशोध करून हा पर्याय लावला असणार आणि कोसळणं थांबलं म्हणून विषय संपला असणार.

का कोसळत होता? जीडीबी हा डीबगर लावला. प्रोग्राम मरत होता सेन्सरची नावं वाचणाऱ्या फंक्शनात, एका स्ट्रिंगच्या पॉइंटरवर. त्या पॉइंटरचा पत्ता पाहिला आणि सगळं लख्ख झालं. जीडीबी पत्त्यांचं फेरफार बंद करतो, त्यामुळे त्याच्या आत पाय प्रोग्रामची हीप, म्हणजे चालताना मागून घेतलेली मेमरी, हेक्साडेसिमल बारा अंकी पत्त्यावर असते आणि तो पत्ता पाच-पाच-पाच-पाच असा सुरू होतो. आमच्या पॉइंटरला फक्त आठ अंक होते. पत्त्याचा वरचा भाग कापला गेला होता.

पॉइंटर येत होता स्ट्रिंगची प्रत करणाऱ्या स्ट्रडपकडून. फाईलमध्ये स्ट्रिंग डॉट एच होतं, म्हणजे हेडर विसरलेलं नव्हतं. पण स्ट्रडप हे सी९९ मानकातलं फंक्शन नाही, ते पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातलं. ‘एसटीडी बरोबर सी९९’ असं काटेकोर मानक मागितलं की जीलिबसीची हेडर्स पॉझिक्सची नावं झाकून ठेवतात. स्ट्रडप जाहीर झालंच नाही. मग कंपायलरने जुन्या नियमाने गृहीत धरलं की हे फंक्शन इंट परत देतं. इंट बत्तीस बिटांचा, पॉइंटर चौसष्ट बिटांचा. खालचे बत्तीस बिट घेतले, वरचे गेले. आमच्या लेखकाने सवयीने प्रत्येक स्ट्रडपच्या आधी कॅरेक्टर पॉइंटरचा कास्ट, म्हणजे सक्तीने प्रकार बदलणारी खूण, लिहिला होता, त्यामुळे इंटचा पॉइंटर होतोय ही दुसरी तक्रारही जुन्या कंपायलरवर दुबळी झाली होती. असे कास्ट कृपा करून लिहू नका. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकपुढे लिहिलेला कास्टही याच जातीचा आहे. मॅलॉक कंपायलरला अंगभूत माहीत असतं म्हणून तिथे पत्ता कापला जात नाही, पण विसरलेल्या हेडरची खूण कास्टने पुसट होते ती होतेच.

आता सगळा इतिहास नीट लागला. प्रोग्राम लिहिला तेव्हा यंत्र बत्तीस बिटांचं होतं, इंट आणि पॉइंटर एकाच मापाचे, म्हणून चूक दिसली नाही. चौसष्ट बिटांवर आलो तेव्हा बायनरी पाय नव्हती. अशा प्रोग्रामची हीप त्याच्या कोडच्या लगतच, पत्त्यांच्या अगदी खालच्या भागात, पहिल्या दोन जीबीच्या आत सुरू होते. वरचे बिट शून्यच असायचे, ते कापले तरी पत्ता तोच राहायचा. २०१७ मध्ये पाय आलं, हीप उंच पत्त्यावर गेली आणि चूक उघडी पडली. ‘नो-पाय’ने तिला परत झाकलं. आणि आता जीसीसी १४ तीच ओळ दाखवून सांगत होता की इथे चूक आहे.

याच जागी मी आणखी एक गोष्ट सांगेन, कारण ‘नो-पाय’ लावून चालतंय तर चालू दे असं अनेकांना वाटतं. खालच्या पत्त्याची ही खात्री फक्त लहान वाटपांची, तीही मुख्य थ्रेडमधली. सव्वाशे केबीच्या पलीकडचं वाटप मॅलॉक सुरुवातीलाच हीपबाहेर, एममॅपने घेतो, आणि दुसऱ्या थ्रेडच्या वाटपांची जागाही वेगळीच असते. ते पत्ते उंचच. म्हणजे पुढे कुणी या प्रोग्रामात एक थ्रेड वाढवला असता, तर तो कुठल्याही संबंधाशिवाय कोसळला असता आणि दोष थ्रेडवर गेला असता.

‘एफ-परमिसिव्ह’ आणि ‘एफ-कॉमन’ दोन्ही काढून टाकले. लहान डब्ल्यू काढला. मग एकेक प्रकार घेऊन, प्रत्येकाचा वेगळा कमिट करत दुरुस्ती सुरू केली.

सर्वात आधी मानकाची ओळ: सी९९ च्या जागी ‘जीएनयू१७’. जीएनयू असलेल्या नावांमध्ये पॉझिक्सची नेहमीची फंक्शनं खुली राहतात. या एका बदलाने शंभराहून जास्त एरर गेल्या. काही फाईल्समध्ये एएसप्रिंटएफ होतं, ते पॉझिक्सच्या २०२४ पूर्वीच्या आवृत्त्यांत नव्हतं, त्यासाठी फाईलच्या पहिल्या ओळीत, कुठल्याही हेडरच्या आधी, जीएनयू सोर्सचा मॅक्रो लिहावा लागला. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. हेडरनंतर लिहिला तर त्याचा काही उपयोग होत नाही आणि कंपायलर त्याबद्दल बोलतही नाही.

पण याच बदलाने एक नवी एररही आणली: गेट्स सापडेना. ते फंक्शन सी११ ने भाषेतूनच काढून टाकलंय, कारण वाचताना बफर किती मोठा आहे हे त्याला कळायचा मार्गच नाही. सी९९ मागितलं असताना हेडर ते दाखवत होतं, जीएनयू१७ मध्ये नाही. तीन ठिकाणी मी त्याजागी एफगेट्स टाकलं आणि पुढे गेलो. इथे मी चुकलो. एफगेट्स ओळीच्या शेवटचं नवओळ चिन्ह बफरमध्येच ठेवतं, गेट्स ठेवत नव्हतं. केंद्राचा कोड वाचून जुळवणाऱ्या ओळीत कोडला ते चिन्ह चिकटून आलं, काहीच जुळलं नाही आणि प्रोग्रामने मुकाट्याने डिफॉल्ट सेटिंग घेतलं. ही चूक पुढे तुलनेत सापडली, त्याबद्दल नंतर.

मग आमची स्वतःची फंक्शनं. एका फाईलमध्ये लिहिलेलं, दुसरीतून वापरलेलं, मध्ये हेडर नाही. अशा सत्तरेक हाका होत्या. इथे सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वापरणाऱ्या फाईलच्या वर ‘एक्स्टर्न इंट अमुक’ आणि रिकामे कंस लिहून मोकळं होणं. एरर जाते, आणि चूक जशीच्या तशी राहते, कारण सी१७ पर्यंत रिकाम्या कंसांचा अर्थ ‘आर्ग्युमेंट कोणती ते सांगत नाही’ असा आहे, तपासणी काहीच होत नाही. आम्ही प्रत्येक फाईलला तिचं हेडर केलं, त्यात पूर्ण प्रोटोटाईप, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं याची ओळ, लिहिला आणि मुख्य म्हणजे ते हेडर फंक्शनाची व्याख्या असलेल्या फाईललाही घ्यायला लावलं. म्हणजे दोन्हीकडे वेगळं लिहिलं गेलं तर कंपायलरच पकडेल. ‘मिसिंग प्रोटोटाईप्स’ आणि ‘स्ट्रिक्ट प्रोटोटाईप्स’ हे दोन इशारे कायमचे चालू केले.

या कामात जे सापडलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

सेन्सरची दुरुस्ती बदलणारं एक फंक्शन आहे. त्याला दोन आर्ग्युमेंट: चॅनलचा क्रमांक, जो इंट आहे, आणि दुरुस्तीचं मूल्य, जे डबल आहे. रीसेट करणाऱ्या फाईलमध्ये हाक अशी होती: चॅनल तीन, मूल्य शून्य. शून्य म्हणजे साधा इंट शून्य. प्रोटोटाईप नसल्यामुळे कंपायलरने तो इंट म्हणूनच पाठवला. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर इंट आर्ग्युमेंट साध्या रजिस्टरमधून जातात आणि डबल एक्सएमएम रजिस्टरमधून. फंक्शन ‘एक्सएमएम-शून्य’ नावाचं रजिस्टर वाचत होतं आणि त्यात आधीच्या कुठल्यातरी गणिताचा उरलेला आकडा असायचा. रीसेट केल्यावर दुरुस्ती शून्य व्हायच्या ऐवजी तो आकडा बसायचा. कधी तोही शून्य असे, कधी नसे.

यंत्राच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे, मी नोकरीला लागलो तेव्हापासून पाहतोय: ‘रीसेट दोनदा करावा. तरी न झाल्यास पुन्हा करावा.’ आम्ही सगळे ते इमानाने करत होतो. दोन वेळा तर सेन्सरवर संशय घेऊन तो बदलून आणला होता.

प्रोटोटाईप दिसताच कंपायलर शून्याचं डबलमध्ये रूपांतर स्वतःच करतो. त्या फाईलमध्ये आम्ही एक हेडर घेतलं, हाकेच्या ओळीला हातही लावला नाही, आणि अनेक वर्षांचा दोष गेला. ‘एफ-परमिसिव्ह’ ठेवला असता तर तो तसाच पुढच्या यंत्रावर गेला असता. मूळ लेखकांना मी फोन केला. म्हणालो, “सर, रीसेटचं कारण सापडलं.” ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “ती फाईल आधी एकच होती रे. मी नंतर दोन केल्या.” एकाच फाईलमध्ये असताना व्याख्या हाकेच्या वर होती, म्हणून तेव्हा सगळं बरोबर चालत होतं.

न जुळणाऱ्या पॉइंटरांमध्येही एक गंभीर निघाला. वेळ घेताना ‘इंट टी’ असं व्हेरिएबल करून त्याचा पत्ता टाईम फंक्शनाला दिलेला होता. टाईम तिथे आठ बाइट लिहितो, जागा चारच बाइटांची. उरलेले चार बाइट शेजारच्या व्हेरिएबलवर सांडत होते. आताच्या तारखांसाठी त्या चार बाइटांत शून्यच असतात, म्हणजे शेजारचा एखादा मोजणीचा आकडा अधूनमधून शून्य होणार. आमच्याकडे तिथे काही महत्त्वाचं नव्हतं, निव्वळ योगायोगाने. टाईमटी हा योग्य प्रकार लिहिला. बाकीचे बहुतेक क्रम लावणाऱ्या क्यूसॉर्टला दिलेले तुलना करणारे फंक्शन होते, ज्यांची आर्ग्युमेंट थेट आपल्या स्ट्रक्चरचे पॉइंटर होती. तिथे हाकेत कास्ट न करता फंक्शनाचीच आर्ग्युमेंट कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर केली आणि आत रूपांतर केलं.

प्रकार न लिहिलेली व्हेरिएबल्स, इंट न लिहिलेलं मेन आणि रिकामे रिटर्न यांत अर्धा तास गेला. एका फाईलला सिस-सिसकंट्रोल हेडर सापडत नव्हतं, जीलिबसीने तेही २.३२ मध्ये काढलंय. त्यातलं काहीच वापरलेलं नव्हतं, ओळ खोडली.

लिंकरच्या अनेक व्याख्यांना मात्र घाई करू नये. हेडरमध्ये एक्स्टर्न आणि एका फाईलमध्ये एकच व्याख्या, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण आधी विचारायचं असतं: हे व्हेरिएबल खरंच सगळ्यांचं मिळून एक असायला हवं का? चॅनलांची संख्या, डीबगची पातळी, ही खरोखर सामायिक होती. एका नावाचं मात्र तसं नव्हतं. सिरियल वाचणाऱ्या आणि अहवाल लिहिणाऱ्या अशा दोन फाईल्समध्ये दोघांनी वेगवेगळ्या काळात आपापलं म्हणून एकाच नावाचं व्हेरिएबल केलं होतं. जुना लिंकर दोघांना एकच जागा देत होता. त्याला एक्स्टर्न केलं असतं तर हा अपघात आम्ही स्वतःच्या हाताने कायम केला असता. दोन्हीकडे स्टॅटिक लिहिलं, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल आपापल्या फाईलपुरतं राहिलं.

सगळ्यात चकवणारी गोष्ट एररमध्ये आलीच नाही. डेटा फाईल दाबून लहान करण्यासाठी एक जुनी लायब्ररी आम्ही सोर्समधून बांधतो, तिला कॉन्फिगर स्क्रिप्ट आहे. ती बिनतक्रार बांधली गेली. पण अशा स्क्रिप्ट अमुक सोय यंत्रावर आहे का हे पाहायला एक इवलासा सी प्रोग्राम कंपाईल करून बघतात. जुन्या स्क्रिप्टमधल्या त्या प्रोग्रामांत मेनला प्रकार नसतो, एक्झिटला हेडर नसतं. जीसीसी १४ ते नाकारतो, आणि स्क्रिप्ट समजते की सोयच नाही. मग लायब्ररी पर्यायी, दुय्यम मार्ग घेऊन बांधली जाते. आम्हाला कळलं ते जुन्या डिस्कवरचं कॉन्फिग हेडर आणि नवं शेजारी ठेवून फरक पाहिला म्हणून. चार ठिकाणी ‘आहे’चं ‘नाही’ झालं होतं. नव्या ऑटोकॉन्फने स्क्रिप्ट पुन्हा तयार केल्यावर त्यातली तीन परत आली, चौथ्या चाचणीचा प्रोग्राम हाताने दुरुस्त करावा लागला. तुमच्याकडे कॉन्फिगर असेल तर हा फरक पाहिल्याशिवाय ‘बांधलं गेलं’ यावर विश्वास ठेवू नका.

तपासणीसाठी आमच्याकडे नशिबाने सिरियल पोर्टवरून आलेल्या कच्च्या बाइटांच्या साठवलेल्या फाईल्स होत्या. महिन्याभराची वाचनं जुन्या आणि नव्या, दोन्ही बायनरींना दिली आणि निघालेल्या फाईल्स बाइट-बाइट ताडून पाहिल्या. पहिल्याच दिवसाला फरक: सगळी दुरुस्ती डिफॉल्टची. ती माझी एफगेट्सची चूक. नवओळ चिन्ह काढणारी एक ओळ घातली. मग फरक उरला फक्त ज्या दिवशी रीसेट झालं होतं त्या दिवसांत, आणि तिथे जुनी फाईल चुकीची होती. त्या दिवसांची वाचनं आम्ही कच्च्या बाइटांवरून पुन्हा काढली आणि जुन्या नोंदींत तशी टीप लिहिली.

शेवटी मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून तोच महिना पुन्हा चालवला. फाईलचं नाव कॉपी करताना शेवटच्या शून्य बाइटची जागा न घेतलेली एक मॅलॉकची ओळ त्याने काही सेकंदांत दाखवली. ‘नो-पाय’ आता नाही, लहान डब्ल्यू नाही, आणि मेकफाईलमध्ये उरलेल्या प्रत्येक पर्यायाच्या वर तो का आहे याची एक ओळ लिहिलेली आहे.

‘जीएनयू१७’ मुद्दाम स्पष्ट लिहून ठेवलंय, कारण एप्रिल २०२५ मध्ये आलेला जीसीसी १५ काही न सांगितल्यास सी२३ धरतो. जीसीसी १४ लाही ‘जीएनयू२३’ सांगता येतं, म्हणून तसं एकदा बांधून पाहिलं. आमच्या एका हेडरमध्ये बूल नावाचा स्वतःचा प्रकार केलेला होता, सी२३ मध्ये बूल हा भाषेचाच शब्द आहे, ती व्याख्या काढली. आणि आज्ञांच्या तक्त्यात वीस फंक्शन पॉइंटर रिकाम्या कंसांचे आहेत. सी२३ मध्ये रिकाम्या कंसांचा अर्थ ‘आर्ग्युमेंट नाहीत’ असा झालाय, आणि या वीसपैकी काहींना एक इंट लागतो, काहींना दोन. तक्ता फोडून दोन करायचे की सगळ्यांना एकच स्ट्रक्चर द्यायचं, यावर मी आणि माझा सहकारी अजून बोलतोय. तो स्ट्रक्चरच्या बाजूने आहे. मला वाटतं त्याचं बरोबर आहे.